संगणकीय एजंटासाठी साधनांचे सुबोध वर्णन

एखाद्या कार्यालयात नवा लिपिक बदलून येतो तेव्हा आधीचा कर्मचारी त्याच्या स्वाधीन केवळ कपाटाची किल्ली करीत नाही. कोणती नोंदवही कशासाठी आहे, कोणता अर्ज कोणत्या टेबलाकडे जातो, वरिष्ठांच्या सहीवाचून कोणत्या कागदावर शिक्का मारावयाचा नाही, हे सर्व तो तोंडी अथवा टिपणाने समजावून देतो. टिपण अपुरे राहिले तरी काम फारसे अडत नाही. नवा लिपिक शेजारच्या टेबलावर विचारतो, दोन दिवस चुकतो आणि तिसऱ्या दिवशी शिकतो.

अलीकडे कार्यालयांच्या दाराशी येऊन ठेपलेल्या एका नव्या संगणकीय व्यवस्थेच्या बाबतीत मात्र ही सवलत उपलब्ध नाही. तिला जे लेखी सांगितले तेवढेच तिचे ज्ञान. म्हणून ते लेखी सांगणे कसे असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा विषय केवळ संगणक-तज्ज्ञांचा आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः तो भाषेचा आणि कामाच्या माहितीचा विषय असून तलाठी, ग्रामपंचायतीचे सचिव, शिक्षक व जाणते ग्रामस्थ या सर्वांचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे.

एजंट म्हणजे काय?

विपुल मजकुराच्या आधारे शिकविलेले आणि प्रश्नाला भाषेत उत्तर देणारे जे संगणकीय यंत्र, त्यास भाषा-मॉडेल असे म्हणतात. हे मॉडेल एकटे असताना केवळ बोलू शकते. त्याला दप्तर उघडता येत नाही, अर्ज दाखल करता येत नाही किंवा आजचा बाजारभाव पाहता येत नाही. ही कामे करण्यासाठी त्याच्या हाती काही छोट्या आज्ञावली दिल्या जातात. या आज्ञावलींना ‘साधने’ अशी संज्ञा आहे. साधने हाताशी घेऊन, एकामागून एक पावले उचलीत दिलेले काम तडीस नेणारी जी व्यवस्था, तिला ‘एजंट’ म्हणतात.

ओपनएआय या अमेरिकन कंपनीने जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेलांना अशी साधने जोडण्याची सोय उपलब्ध करून दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची सर्वांना खुली असलेली पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे एका ठिकाणी तयार केलेले साधन निरनिराळ्या एजंटांना वापरता येऊ लागले. साधन एका व्यक्तीने तयार करावे आणि ते भलत्याच ठिकाणच्या एजंटाने वापरावे, अशी स्थिती निर्माण झाल्याने वर्णनाचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

वर्णन हेच यंत्राचे डोळे

प्रत्येक साधनाबरोबर तीन गोष्टी लिहून द्याव्या लागतात : साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि ते वापरताना भरावयाचे रकाने. नागरिकाने प्रश्न विचारला की त्या प्रश्नासोबत सर्व साधनांची नावे, वर्णने व रकाने मॉडेलसमोर ठेवले जातात. मॉडेल ते वाचते, कोणते साधन वापरावयाचे ते ठरविते आणि रकाने भरून देते. त्यानंतर मूळ आज्ञावली चालते व तिचे उत्तर मजकुराच्या रूपाने मॉडेलकडे परत येते. ते वाचून मॉडेल पुढील पाऊल ठरविते.

या क्रमातील एक बाब वाचकांनी विशेष ध्यानी घ्यावी. साधनाच्या आत आज्ञावली कशी लिहिली आहे, हे मॉडेलला सहसा दिसत नाही. त्याला दिसते ते केवळ वर्णन. आज्ञावली निर्दोष असूनही वर्णन संदिग्ध असेल, तर योग्य साधन पडून राहते आणि भलतेच वापरले जाते. शिवाय, माहिती अपुरी असल्यास थांबून विचारावे, असे सांगितलेले नसेल, तर मॉडेल संभाव्य वाटेल असा मजकूर रकान्यात भरून मोकळे होण्याची शक्यता असते. त्याचे उत्तर सफाईदार भाषेत येत असल्याने चूक चटकन लक्षातही येत नाही.

एक उदाहरण : जमिनीचा उतारा

हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गोव्यात १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली ग्रामीण जमिनींचा हक्क-अभिलेख नमुना १ व १४ मध्ये ठेवला जातो. लोकव्यवहारात त्यास ‘एक-चौदाचा उतारा’ म्हणतात. नगर-भूमापन झालेल्या शहरी भागात ‘फॉर्म डी’ असतो आणि तेथे सर्व्हे क्रमांकाऐवजी चलता क्रमांक व पी. टी. शीट क्रमांक लागतो. समजा, नागरिकांच्या मदतीसाठी एक एजंट नेमला आणि त्याला दिलेल्या साधनाचे वर्णन पुढीलप्रमाणे लिहिले :

नाव : उतारा.
वर्णन : जमिनीचा उतारा देते.
रकाने : गाव, क्रमांक.

लिहिणाऱ्याला हे पुरेसे वाटले, कारण उर्वरित सर्व त्याच्या डोक्यात होते. आता सत्तरी तालुक्यातील केरी गावची एक वृद्ध शेतकरी स्त्री नातवाकरवी विचारते, “केरीच्या १२/१ चा उतारा पाहिजे.” केरी या नावाची गावे सत्तरी, पेडणे आणि फोंडा या तीनही तालुक्यांत आहेत. सर्व्हे क्रमांक गाववार दिले जात असल्याने तोच क्रमांक तीनही ठिकाणी असू शकतो. तालुक्याचा रकानाच नसल्यामुळे एजंट कोणत्यातरी एका केरीचा उतारा आणून देतो. त्यावर परक्याचे नाव असते. आपल्या जमिनीवरून आपले नाव निघून गेले, असा त्या स्त्रीचा समज होतो. मग तालुक्याच्या गावी हेलपाटा, प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि भावकीत उगाच उत्पन्न झालेला संशय, एवढे सर्व त्या एका न लिहिलेल्या शब्दापोटी घडते.

या वर्णनात आणखीही दोष आहेत. ‘क्रमांक’ म्हणजे सर्व्हे क्रमांक, चलता क्रमांक की खाते क्रमांक, याचा त्यात उलगडा नाही. ‘१२/१’ हा मजकूर संगणकाला बारा भागिले एक अथवा एखादा दिनांकही वाटू शकतो. पोटविभाग कसा लिहावयाचा, हे सांगितलेले नाही. शहरातील मालमत्तेसाठी हे साधन चालत नाही, याचाही उल्लेख नाही.

सुधारलेले वर्णन

तेच साधन पुढीलप्रमाणे वर्णिता येईल. साधनांची नावे बहुधा रोमन अक्षरांत व मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावी लागतात. येथे वाचकांच्या सोयीसाठी ती देवनागरीत दिली आहेत.

नाव : ग्रामीण_एक_चौदा_पाहणे.

वर्णन : या साधनाने गोव्याच्या ग्रामीण भागातील एका जमिनीचा नमुना १ व १४, म्हणजेच ‘एक-चौदाचा उतारा’, पाहता येतो. उताऱ्यावर कब्जेदार, कूळ, इतर हक्क व क्षेत्र यांच्या नोंदी मिळतात. नागरिकाने ‘सात-बारा’ असा शब्द वापरला, पण जमीन गोव्यातील ग्रामीण भागात असली, तरी हेच साधन वापरावे. नगर-भूमापन झालेल्या शहरी क्षेत्रासाठी हे वापरू नये. त्यासाठी ‘शहरी_फॉर्म_डी_पाहणे’ हे साधन आहे. नागरिकाने तालुका सांगितला नसेल, तर अंदाज न करता त्याला विचारावे. मिळणारी प्रत केवळ माहितीसाठी आहे. ती प्रमाणित प्रत अथवा मालकीचा अंतिम पुरावा आहे, असे सांगू नये. या साधनाने नोंदीत कोणताही बदल होत नाही.

रकाने : (१) तालुका : अनिवार्य; सोबतच्या यादीतील नावांपैकी एक. (२) गाव : अनिवार्य, उदाहरणार्थ ‘केरी’. (३) सर्व्हे क्रमांक : अनिवार्य, मजकूर म्हणून, तिरकी रेघ न देता, उदाहरणार्थ ‘१२’. (४) पोटविभाग : अनिवार्य, मजकूर म्हणून, उदाहरणार्थ ‘१’ किंवा ‘१-अ’, पोटविभाग नसल्यास ‘०’.

दोन्ही वर्णनांची तुलना केल्यास असे दिसून येईल की दुसऱ्यात तांत्रिक असे फारसे काही नाही. अनुभवी कर्मचारी नव्या माणसाला जे सांगेल, तेच येथे शब्दबद्ध केले आहे. साधन काय करते, केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये, काय भरावे, काय मिळते आणि मिळालेल्या गोष्टीची मर्यादा कोणती, या सहा प्रश्नांची उत्तरे त्यात आली आहेत. यांपैकी ‘केव्हा वापरू नये’ हा भाग लिहिणाऱ्याकडून सर्वांत अधिक विसरला जातो. तो विसरला गेला, तर दिसायला सारख्या दोन साधनांमध्ये एजंटाची फसगत ठरलेली असते.

वर्णनात लोकांच्या तोंडचे शब्द येणेही आवश्यक आहे. सिंधुदुर्गातून येऊन डिचोलीत राहिलेला माणूस ‘सात-बारा’ असेच म्हणणार. त्याचप्रमाणे गोव्यातील गावांची रोमन लेखने पोर्तुगीज वळणाची आहेत. केरी व कवळे ही दोन्ही नावे रोमन लिपीत ‘क्यू’ या अक्षराने लिहिली जातात. बोलीतील नाव आणि दप्तरातील नाव यांची सांगड वर्णनात अथवा सोबतच्या यादीत घातलेली नसेल, तर गाव जागेवर असूनही यंत्राला ते सापडणार नाही.

मोजमाप व दिनांक

ज्या रकान्यात संख्या भरावयाची, त्याचे परिमाण लिहिलेच पाहिजे. गोव्याच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर यांत असते. बेळगाव व हैदराबादकडे एकर-गुंठ्यांचा हिशेब चालतो. वडोदऱ्याच्या बाजूस विघा हे माप आहे आणि गुजरातेत त्याचे क्षेत्र ठिकाणपरत्वे बदलते. बोलण्यात ‘आर’ व ‘गुंठा’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. तथापि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. चाळीस गुंठ्यांच्या एका एकरात हा फरक सुमारे ४७ चौरस मीटरांवर जातो, म्हणजे एका लहानशा घराएवढा होतो. रकान्याचे नाव नुसते ‘क्षेत्र’ असे न ठेवता ‘क्षेत्र_चौरस_मीटर’ असे ठेवल्यास हा घोटाळा मुळातच टळतो.

हीच गोष्ट दिनांकाची. ‘०३/०४/२०२५’ हा आपल्याकडे तीन एप्रिल होय, तर अमेरिकेतील पद्धतीप्रमाणे चार मार्च. म्हणून वर्ष, महिना, दिवस असा क्रम निश्चित करून ‘२०२५-०४-०३’ असा नमुना वर्णनातच द्यावा. एक नमुना दहा ओळींच्या सूचनेहून अधिक उपयोगी पडतो.

साधनाचीच रचना बदलून चूक अशक्य कशी करता येते, याचे एक प्रत्यक्ष उदाहरण अँथ्रॉपिक कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. आज्ञावली दुरुस्त करणारा त्यांचा एक एजंट संगणकातील एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात गेल्यानंतर फाइलीचा पत्ता देताना चुकत असे. कारण तो आपण उभे असलेल्या जागेपासूनचा पत्ता देई. ‘उजवीकडचे कपाट’ असे म्हणणारा माणूस खोली बदलल्यावर चुकावा, तसाच हा प्रकार. नेहमी मुळापासूनचा पूर्ण पत्ताच द्यावा, असे बंधन साधनात घातल्यावर ती चूक थांबली. एजंटाला दिलेल्या मुख्य सूचनेपेक्षा साधनांच्या सुधारणेवर अधिक वेळ खर्च झाल्याचेही त्यांनी नमूद केले आहे.

चूक झाल्यावर काय सांगावे?

साधन अयशस्वी झाले म्हणजे जो मजकूर परत येतो, तोही वर्णनाचाच भाग समजावा. ‘चूक क्रमांक ४००’ एवढेच उत्तर आले, तर एजंट तोच प्रयत्न पुन्हा पुन्हा करतो किंवा काहीतरी रचून सांगतो. याउलट, “केरी नावाची गावे सत्तरी, पेडणे व फोंडा या तालुक्यांत आहेत, तालुका नागरिकाला विचारून पुन्हा प्रयत्न करावा,” असे उत्तर आले, तर पुढचा मार्ग खुला होतो. खिडकीवरचा कर्मचारी अर्ज केवळ परत करीत नाही. कोणता दाखला जोडावयाचा राहिला, हेही सांगतो. साधनाकडून याच सौजन्याची अपेक्षा आहे.

पाहणे वेगळे, बदलणे वेगळे

नोंद पाहणे आणि नोंदीत बदल घडविणे, ही दोन कामे एकाच साधनात कधीही एकत्र करू नयेत. फेरफाराचा अर्ज दाखल करणाऱ्या साधनाच्या वर्णनात, “हा अर्ज एकदा दाखल झाल्यावर या साधनाने मागे घेता येत नाही, नागरिकाला संपूर्ण मसुदा वाचून दाखवून त्याची स्पष्ट संमती मिळाल्यावरच वापरावे,” असे वाक्य असले पाहिजे.

तथापि वर्णन म्हणजे कुलूप नव्हे, याचे भान ठेवावे. ‘परवानगीवाचून आत येऊ नये’ अशी पाटी दारावर असली तरी दाराला कडी लागतेच. कोणाला कोणती नोंद पाहण्याचा वा बदलण्याचा अधिकार आहे, याची तपासणी आज्ञावलीनेच करावयास हवी. ती केवळ वर्णनातील विनंतीवर सोडणे धोक्याचे आहे. शिवाय बाहेरून घेतलेल्या साधनाच्या वर्णनात कपटाने गुप्त सूचना घालून एजंटाकडून खाजगी माहिती काढून घेता येते, असे संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी २०२५ मध्ये निदर्शनास आणून दिले. म्हणून अपरिचित ठिकाणचे साधन स्वीकारण्यापूर्वी त्याचे वर्णन जबाबदार व्यक्तीने शब्दशः वाचलेले असावे.

लांबी किती असावी?

वर्णन एका ओळीचे असू नये, तसेच ते पोथीएवढेही असू नये. सर्व साधनांची वर्णने मॉडेलला प्रत्येक वेळी वाचावी लागतात. त्यांचा पसारा वाढला, तर खर्च वाढतो आणि महत्त्वाची सूचना गर्दीत हरवते. साध्या साधनास तीन-चार पूर्ण वाक्ये बहुधा पुरतात. कायदेशीर परिणाम असलेल्या साधनास अधिक लागतील. शासकीय पत्रव्यवहारातील ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ यांसारखी वाक्ये येथे निरुपयोगी होत. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. एका गोष्टीला सर्वत्र एकच शब्द वापरावा. एकीकडे ‘कब्जेदार’, दुसरीकडे ‘धारक’ आणि तिसरीकडे ‘मालक’ असे लिहिल्यास या तीन निराळ्या व्यक्ती आहेत, असा अर्थ घेतला जाऊ शकतो. तसेच एकच काम करणारी चार साधने ठेवण्यापेक्षा स्पष्ट सीमा असलेले एक साधन ठेवणे श्रेयस्कर.

वर्णन कोणी लिहावे?

व्यवहारात हे लेखन आज्ञावली लिहिणारा तंत्रज्ञ उरकून टाकतो. त्याला संगणक कळतो. परंतु केरी तीन आहेत, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. ते तलाठ्याला, पोस्टमनला आणि गावच्या शिक्षकाला ठाऊक असते. म्हणून वर्णनाचा पहिला मसुदा काम जाणणाऱ्याने करावा, रकान्यांचे स्वरूप तंत्रज्ञाने ठरवावे आणि शेवटी दोघांनी मिळून त्याची परीक्षा घ्यावी.

ही परीक्षा सोपी आहे. लोक खरोखर ज्या शब्दांत विचारतात, असे वीस प्रश्न जमवावेत. त्यांत अपुरे, घाईचे, बोलीतील आणि चुकीच्या खिडकीवर आलेले प्रश्नही असावेत. ते एजंटाला विचारून त्याने कोणते साधन निवडले व रकाने कसे भरले, हे लिहून ठेवावे. जेथे चूक झाली, तेथे यंत्राला दोष देण्यापूर्वी आपले वाक्य पुन्हा वाचावे. वाक्य सुधारून तेच वीस प्रश्न पुन्हा विचारावेत, म्हणजे एक चूक दुरुस्त करताना दुसरी उत्पन्न झाली नाही, याची खात्री पटते.

शाळेसाठी अभ्यास

शिक्षकांना हा विषय संगणकावाचूनही वर्गात घेता येईल. एका विद्यार्थ्याने ‘साधन’ व्हावे. उदाहरणार्थ, शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक आणून देणे. दुसऱ्या गटाने त्याचे वर्णन कागदावर लिहावे. तिसऱ्या गटाने, ज्याने ग्रंथालय पाहिलेले नाही असे समजून, केवळ तो कागद वाचून चिठ्ठी भरावी. ‘गणिताचे पुस्तक’ एवढीच चिठ्ठी आली, तर इयत्ता कोणती व माध्यम कोणते, हा प्रश्न आपोआप उभा राहील. आपल्याला माहीत असलेली किती गोष्ट आपण लिहीतच नाही, हे मुलांना त्यातून कळेल. नेमके लिहिण्याचा याहून चांगला धडा क्वचितच मिळेल.

समारोप

सारांश, एजंटाला दिलेले वर्णन ही तांत्रिक पुरवणी नसून ते कार्यालयाचे लेखी ज्ञान होय. वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांजवळ हे ज्ञान असते. परंतु त्यातील बरेचसे कधी कागदावर उतरत नाही आणि त्यांच्या निवृत्तीबरोबर निघून जाते. साधनाचे वर्णन लिहिण्याच्या निमित्ताने ते उतरविले गेले, तर त्याचा लाभ यंत्राला होईल, नव्या कर्मचाऱ्यालाही होईल. आणि सत्तरीच्या केरीतील त्या वृद्ध स्त्रीला तिच्याच जमिनीचा उतारा पहिल्या खेपेस मिळेल.